पांढरी दोन

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून ऐकाल तर निम्मी गोष्ट भिंतच पिऊन टाकेल. गोष्ट काही मोठी नाही. हिच्यात कुणाचं राज्य जात नाही, कुणाला शाप मिळत नाही, आणि देव आलाच तर ओळख न देता येऊन जातो. एक माणूस आहे. तो गिटारच्या पातळ तारा काढून जाड तारा घालतो. एवढंच. पण त्या तारा त्याने कुणाच्या गळ्यासाठी घातल्या आणि त्या कुणाच्या बोटांत रुतल्या, ते ऐकल्याशिवाय उठू नका.

त्याला सगळे टेकू म्हणत. पन्नाशीला आलेल्या माणसाला शोभणारं हे नाव नव्हे. पण त्याचा थोरला भाऊ, दादा, दर रविवारी सकाळी सभागृहात गात गात देवाच्या गोष्टी सांगायचा, आणि हा त्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, स्टुलावर बसून इलेक्ट्रिक गिटारवर साथ करायचा. कधीतरी कुणी म्हातारं माणूस म्हणालं, "थोरला भिंत, धाकटा टेकू," आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागात असली की टेकू म्हणायची. लाडात असली की काहीच म्हणायची नाही.

एका रविवारी दादा हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगत होता. आई दारोदार फिरते, प्रत्येक दारात मुलाला हाक मारते, आणि प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा वर चढते. शेवटच्या दाराशी दादाचा आवाज वरच्या गंधाराला जाऊन उभा राहायचा. वर्षानुवर्षं लोक त्या एका सुरासाठी कामं टाकून यायचे. टेकूची बोटं त्या जागी आधीच जाऊन बसली होती. सूर दाबलेला, तार छेडलेली, आणि वर दादाचा आवाज आलाच नाही. दादाने उजवा हात उचलला, मंडळींकडे वळला आणि हसून म्हणाला, "आता तुम्ही हाक मारा." सगळं सभागृह गाऊ लागलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काय सुचलं दादांना, म्हणाल्या, आईची हाक आपल्याच तोंडी दिली. टेकूला मात्र मागून दादाच्या मानेची शीर दिसत होती. ती आधी ताठ झाली होती आणि मग हात वर गेला होता. विहिरीत पोहरा सोडावा, दोर संपत यावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं त्याला वाटलं. बोटं तशीच दाबलेली राहिली. गाणं संपल्यावर तारांचे वळ बोटांवरून लवकर गेले नाहीत.

चपला घालताना सभागृहाचे चिटणीस त्याच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. खुर्च्या, पंखे, भोंगे यांची काळजी वाहून वाहून तो माणसांकडेही दुरुस्तीला आलेल्या वस्तूंसारखा बघायचा. "टेकू, दादांचा गळा बसलाय का?"

"नाही हो. मुद्दाम दिलं त्याने मंडळींना."

"मुद्दाम," चिटणीस म्हणाले. "बरं. पण पुढच्या रविवारी पुन्हा मुद्दाम झालं, तर मी त्यांना सन्मानाने बसवीन. जुन्या चांगल्या ध्वनिफिती आहेत आपल्याकडे. लोक शांतपणे ऐकतील. माणसाचं हसं होण्याआधी त्याला खाली उतरवणं हेसुद्धा पुण्यच आहे." आणि ते एका डुगडुगणाऱ्या खुर्चीचा पाय तपासायला गेले. टेकू रस्त्याला लागला. गिटार पाठीवर नेहमीचीच होती, पण खांद्याचा पट्टा आज वेगळ्या जागी रुतत होता.

दादाने गाणं थांबवलं तर दादाचं काय उरेल, हे टेकूला नीट माहीत नव्हतं. कारण दादा म्हणजे आवाज, हे त्याला कळायला लागण्याच्याही आधी कळलेलं होतं. वडील गेले तेव्हा हा खांद्यावर बसण्याएवढा होता, आणि दादाला मिसरूड फुटत होतं. दादा त्याला खांद्यावर घेऊन लांबच्या नळावर जायचा आणि वाटेत गायचा. तो आवाज टेकूला कानाने आधी कळला नाही, पायांनी कळला. दादाच्या छातीला टेकलेल्या पोटऱ्यांमधून तो वर यायचा, मांड्यांमध्ये गुदगुल्या करायचा आणि मग कुठेतरी डोक्यात पोचून गाणं व्हायचा. घरात वडिलांची जुनी पेटी होती. तिच्या कितीतरी पट्ट्या रुसलेल्या होत्या. दाबल्या तर हवा जायची आणि सूर यायचा नाही. तिसरी पांढरी पट्टी, पांढरी तीन, मात्र ठणठणीत वाजायची. म्हणून दादा पांढरी तीनमध्ये गायला लागला आणि तिथेच राहिला. पुढे पेटी गेली, गिटार आली. मोडलेल्या एका वाद्यवृंदाकडून घेतलेली, कधीकाळी लाल असलेली. तिची सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ अशा दोन्ही तारा मोकळ्या, बोट न दाबता छेडल्या की पांढरी तीन बोलायची. दादा म्हणाला, बघ, हिला माझी पट्टी आधीच ठाऊक होती. तेव्हापासून दर रविवारी टेकू ती मोकळी तार छेडायचा आणि दादा डोळे मिटून तिच्यावर पाय ठेवायचा. दादाने सूर कधी स्वतःहून घेतला नाही. "सूर द्यायचं काम तुझं," तो म्हणायचा, "मी फक्त चालणार."

आठवडाभर टेकूने हे सगळं बरोबर घेऊन काचा घासल्या. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचा. काच चाकावर धरायची, कड गोल करायची, चौकटीत बसते का बघायचं, नाही बसली तर पुन्हा चाकाला लावायची. चाकावर पाण्याची धार सुरू असायची आणि दिवसभर बोटं ओली राहायची. संध्याकाळी ती पांढरी, सुरकुतलेली, दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. पुढच्या खोलीत मालक डोळे तपासायचे, आणि पडद्याआडून टेकूला रोज तेच बोलणं ऐकू यायचं. नंबर वाढला नाही ना हो? तसाच आहे ना? माणसं सोन्याचा भाव विचारावा तसा नंबर विचारायची. गुरुवारी एक शाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांना तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी दिसत नव्हत्या आणि चौथी त्यांनी पाठ म्हणून दाखवली. नंबर वाढवू नका, म्हणाल्या, माझं सगळं नीट आहे, तुमचा दिवाच मंद आहे. मालकांनी वाद घातला नाही. मागे येऊन त्यांनी नव्या नंबरची काच टेकूपुढे ठेवली.

"त्यांच्या जुन्याच चौकटीत बसव."

"त्यांना सांगितलं?"

"सांगितलं की काचेवर चरे पडलेत, बदलून देतो. चौकट तीच. नाकावर ओळखीचं ओझं आलं की माणूस डोळ्यांना प्रश्न विचारत नाही." मालक स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. "आणि खोटं कुठे बोललो? चरे होतेच की."

टेकूचं चाक फिरत राहिलं. काचेची कड हवी त्यापेक्षा जास्त घासली गेली आणि ती काच वाया गेली. नाकावर ओळखीचं ओझं. बोटं जुन्याच जागी, हात जुन्याच पट्टीवर, दादाच्या डोळ्यांपुढे तीच गिटार आणि तोच भाऊ, आणि मोकळी तार छेडली की पांढरी तीनऐवजी पांढरी दोन. सगळ्या सहाच्या सहा तारा पूर्ण एक सूर खाली. दादा डोळे मिटून पाय ठेवील आणि चालू लागेल. वरचा गंधार त्याच्या वाटेवर आपोआप खाली उतरून येईल. त्याला कळणारही नाही. चिटणिसांना तर नाहीच नाही.

घरी जाऊन त्याने आहेत त्याच तारा उतरवून पाहिल्या. पातळ तारा, वर ताणलेल्या असताना त्या चपळ असायच्या, पण सूरभर सैल झाल्यावर त्यांच्यात जीव राहिला नाही. छेडली की तार मानेवरच्या धातूच्या आडव्या पडद्यांवर फडफडायची, आणि जरा जोराने दाबलं की सूर भलतीकडे सरकायचा. म्हाताऱ्या माणसाच्या दंडाची कातडी चिमटीत धरावी तसं. खालच्या सुरात ताठ उभी राहायची तर तार जाड हवी, हे त्याला ठाऊक होतं. जाड तारांनी बोटांचं काय होईल हेही ठाऊक होतं. डाव्या हाताचं मधलं बोट वर्षभरापासून सकाळी वळायला वेळ घ्यायचं. त्याने ते बायकोला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं.

वाद्यांच्या दुकानातला माणूस त्याच्याच वयाचा, पोट सुटलेला आणि विनोदाला वखवखलेला होता. "बाराचा सेट? इतक्या जाड तारा? अहो, तुम्ही कायम दहाचा नेता. गिटार वाजवायचीय की गॅलरीत कपडे वाळत घालायचेत?"

"द्या हो."

"देतो. पण नुसत्या तारा बदलून भागणार नाही. घरात सून जाड आली तर दारं रुंद करावी लागतात. सगळी गिटार नव्याने बसवावी लागेल. इथे सोडून जाता?"

"मी बसवीन."

"बसवा. मग परत या," दुकानदार म्हणाला, "रडत."

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असायची. त्याने जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं, टॉवेल घातला, त्यावर गिटार उताणी ठेवली. आतल्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र चालू होतं. धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. जुन्या तारा काढल्या तेव्हा घोडी, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे अडकतं ती लोखंडी पट्टी, सुस्कारा टाकावा तशी आत बसली. इतकी वर्षं पुढून तारा ओढत होत्या आणि पाठीमागून पोटातल्या स्प्रिंगा ओढत होत्या, आणि त्या दोन ओढींच्या मध्ये घोडी सपाट राहिली होती. आता पुढचं कुणी नाही म्हटल्यावर ती मागे कलंडली. टेकूला उगाचच वाईट वाटलं. त्याने मानेवरची लाकडी पट्टी पुसली. पडद्यांच्या कडेला त्याच्याच बोटांचा कितीतरी वर्षांचा मळ होता, काळा, मऊ. दादाच्या गोष्टींचा गाळ, त्याला वाटलं. इतके राजे, इतकी हरवलेली पोरं, इतकी माफी मागणारी माणसं या पट्टीवरून गेली, आणि उरलं ते हे.

नव्या तारांतली तिसरीसुद्धा धातूची बारीक तार गुंडाळलेली निघाली. आधीची साधी होती. मानेच्या टोकाला हाडाची लहानशी कांब असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. ही नवी तिसरी तार तिच्या खाचेत शिरेचना. अर्धी वर राहायची, आणि खुंटी पिळली की टण्ण करून एकदम सरकायची. सूर एकतर मागे नाहीतर पुढे, मध्ये थांबायचाच नाही. त्याने चष्म्याच्या दुकानातून आणलेली बारीक कानस काढली. काचेवर चालणारा हात हाडावर चालवताना तो श्वास रोखून धरत होता. जास्त खोल गेली तर तार पहिल्याच पडद्यावर करकरेल, आणि घासून घालवलेलं हाड परत येत नाही. मग खाचेत शिसपेन्सिल फिरवली. तार घसरत, न कुरकुरता, जागेवर गेली.

"टेबल पुसून दे हां," बायको आतून म्हणाली. "मागच्या वेळी चहाला तेलाचा वास येत होता."

"पुसतो."

"आणि एवढं काय चाललंय मघापासून? तार तुटली की एक तार घालतात. तू तर बाळंतपण मांडलंयस."

"सगळ्याच बदलतोय."

"का?"

यंत्र थांबलं होतं. त्याला एकदम वाटलं, सांगून टाकावं. दादाचा गळा उतरलाय. मी चोरून जमीन खाली नेतोय, म्हणजे तो तोच उंच वाटेल. पण बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे एक, आणि शब्दांत बोललं की ते खरं होतं हे दुसरं. "गंजल्या होत्या," तो म्हणाला. यंत्र पुन्हा धावू लागलं.

पांढरी दोनला तारा जुळवायला घेतल्या आणि खरी दमछाक सुरू झाली. सूर खाली असला तरी या जाड तारांची ओढ जुन्यांपेक्षा जास्तच होती. घोडी आता मागे न कलता पुढे उठायला लागली, आणि तिच्याबरोबर तारा पट्टीपासून उंच गेल्या. एक तार चढवली की घोडी जरा उठायची आणि आधी जुळवलेल्या सगळ्या उतरायच्या. त्या जुळवल्या की ही उतरायची. त्याने गिटार पालथी केली, पाठीवरचं झाकण काढलं, स्प्रिंगा जिला बांधलेल्या असतात त्या पट्टीचे स्क्रू थोडे आवळले, उलटी केली, पुन्हा सगळ्या तारा. पुन्हा पालथी. आजारी माणसाची कूस बदलावी तसं त्याने तिला कितीदा इकडून तिकडे केलं. माणसांचंही असंच, त्याच्या मनात आलं. एकाला सांभाळायला गेलं की बाकीचे सैल पडतात, त्यांच्याकडे वळावं तर पहिला रुसलेला. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा दादा तिच्या उशाशी गायचा आणि हा पायथ्याशी बसून पाय चेपायचा. आईने डोळे उघडून दादाला म्हटलं होतं, "तू गा." याच्याकडे बघून म्हणाली होती, "तू आहेस ना?" दोन्हीत माया होती. पण एकीला उत्तर गाण्यात देता यायचं आणि दुसरीला नुसतं बसून राहून. ते बसून राहणं आजवर चाललंय, आणि आता कंबर दुखते.

मान पाहिली. एक डोळा मिटून टोकाकडून बघितलं तर लाकूड तारांच्या ओढीने पुढे झुकलं होतं, धनुष्यासारखं. अगदी किंचित, पण तेवढंही बोटांना डोंगर. मानेच्या आत एक सळई असते, तिचं टोक पिळलं की मान मागे येते. त्याने पाना घातला आणि पाव फेराही नाही एवढा फिरवला. लाकूड कुरकुरलं. जरा थांबला. लाकडाला घाई चालत नाही. ते ऐकतं, पण विचार करून. मग घोडीवरचे तारांखालचे छोटे ठोकळे एकेक करून खाली घेतले, तारा पट्टीच्या जवळ आणल्या. शेवटी सूर वरपर्यंत खरा राहतो का ते पाहिलं. मोकळी तार खरी बोलत होती, पण तीच तार मध्यावर, बाराव्या पडद्यावर दाबली की सूर थोडा चढा यायचा. खाली बरोबर आणि वर गेलं की खोटं. जाड तारेला लांबी जास्त लागते. त्याने ठोकळा मागे सारला, पुन्हा ऐकलं, पुन्हा सारला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. बोटांची टोकं हुळहुळत होती, आणि मधलं बोट तर कधीचं परक्यासारखं वागत होतं.

तेवढ्यात दारातून हाक आली आणि दादाच आत आला. येताना नेहमी गुणगुणत यायचा; आज न गुणगुणता आला, म्हणून हाकेआधी टेकूला चाहूल लागली नाही. केस पांढरे झाले होते, पण चालताना दादा अजून खांद्यावर कुणीतरी बसलंय असा जपून चालायचा.

"उद्या तीच गोष्ट सांगणार आहे," तो बसता बसता म्हणाला. "चिटणीस म्हणाले, दुसरी सांगा, सोपी. मी म्हटलं, आई दारोदार फिरतेय, तिला शेवटच्या दाराशी उभं करून मी घरी कसा जाऊ? दे बरं सूर."

टेकूने गिटार मांडीवर घेतली. लहानसा स्पीकर चालू केला. हात पुसले. मोकळी तार छेडली. जाड तारेचा आवाज खोलीभर, गोल, खालून उठल्यासारखा आला. दादाने डोळे मिटले आणि हाक घेतली. पहिलं दार, दुसरं दार. टेकू त्याच्या गळ्याकडे बघत होता. शेवटच्या दाराशी आवाज वर गेला, न अडखळता, भरलेला, जुना, आणि तिथे उभा राहिला. शिवणयंत्र थांबलं. आतून बायको म्हणाली, "वा, दादा!"

दादाने डोळे उघडले. मग त्याने पुढे वाकून तारांवरून बोट फिरवलं.

"पट्टी उतरवलीस?"

त्या एका शब्दात सगळं होतं. आणि त्या एका शब्दातच सुटायची वाटही होती. कारण त्या घरात पट्टी म्हणजे गाण्याची पट्टी तशी गिटारच्या मानेवरची, बोटं फिरतात ती लाकडी पट्टीही. तो त्या दुसऱ्या अर्थाच्या आडोशाला पळाला.

"हो. म्हणजे, तारा पट्टीच्या जवळ उतरवल्या. फार उंच होत्या. बोटांना जड जात होतं."

दादाने त्याचा डावा हात ओढून घेतला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. बोटांच्या टोकांवर तारांचे ताजे, खोल, लालसर वळ होते. मधलं बोट सरळ होत नव्हतं. दादाने ते हळूच सरळ करून पाहिलं. टेकूने दात आवळले.

"कधीपासून?"

"थोडंच आहे."

"कधीपासून म्हणतोय मी."

"झालं असेल वर्ष."

"आणि मला सांगायचं नाही? गाढवा." दादाचा आवाज गाताना नव्हता इतका फाटला. "मी तिकडे आईला दारोदार फिरवतोय आणि इकडे तुझे हात असे. अगं ए, तुला तरी माहीत होतं का हे?"

बायको दारात आली होती, दातांत दोरा. तिने मान हलवली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला टेबल पुसायची आठवण झाली. खोटं बोलायला गेलो आणि खरं सापडलं, त्याला वाटलं. जी गोष्ट लपवायची होती ती लपली, आणि जी कुणाला सांगायची नव्हती ती उघड्यावर येऊन पडली. दादाने तो हात बराच वेळ सोडला नाही. दादाचे तळवे गरम होते. पोटऱ्यांना टेकलेली छाती अशीच गरम असायची.

रविवारी सभागृह भरलं होतं. चिटणीस भिंतीकडेला उभे होते, आणि त्यांच्या हाताशी ध्वनिफितीचं यंत्र झाकून ठेवलेलं टेकूला दिसलं. तो स्टुलावर बसला, एक पाऊल मागे. तार छेडायला हात उचलला तर दादाने बोट वर करून त्याला थांबवलं आणि मंडळींकडे वळला.

"सुरुवात करण्याआधी एक सांगायचंय. माझा धाकटा भाऊ माझ्या मागे बसतो म्हणून तुम्हाला दिसत नाही. त्याची बोटं दुखतात. वर्षभर दुखतायत, बोलला नाही. काल त्याने पट्टी उतरवली. तर आजपासून आपण पांढरी तीनमध्ये नाही गायचं; पांढरी दोनमध्ये गायचं. ज्यांचा गळा उंच असेल त्यांनी रागावू नका. भावासाठी एवढं करायला नको?"

हसण्याचा आणि चुकचुकण्याचा एक मऊ आवाज सभागृहभर गेला. बायका मान उंच करून टेकूला शोधू लागल्या. पांढरी दोन. दादाने नाव घेऊन सांगितलं होतं. म्हणजे काल पहिल्याच छेडीला त्याला कळलं होतं. पण कळलं होतं ते काय? भावाने बोटांपायी सूर खाली नेला, एवढंच? बोटं दुखणारा माणूस जाड तारा घालतो का? गिटारला तारा घालायला तर दादानेच शिकवलं होतं. टेकू मनातल्या मनात पुढे जायचा आणि परत तिथेच यायचा. एक तार जुळवली की दुसरी उतरत होती. चिटणीस यंत्रापासून दोन पावलं दूर झाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि जरा शरमही.

"म्हणून," दादा म्हणाला, "आधी सगळ्यांनी डोळे मिटा आणि त्याची आठवण करा. नाव घ्यायची गरज नाही. वरच्याला कळतं."

सगळ्यांनी डोळे मिटले. माणसांनी, बायकांनी, चिटणिसांनी. खोकलेसुद्धा थांबले. टेकूचे डोळे मिटेनात. इतकी माणसं आपल्या बोटांसाठी देवाला अडवून बसलीत हे बघायची त्याला लाज वाटत होती, आणि नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं. म्हणून त्याने समोर पाहिलं. दादाने डोळे मिटले नव्हते. तो मान वळवून भावाकडेच बघत होता, नळाच्या वाटेवर खांद्याकडे वर बघायचा तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावर माफी मागायची होती की द्यायची होती हे सांगता येत नव्हतं. पण सगळं ठाऊक होतं एवढं दिसत होतं. मग त्याने हळूच डोळे मिटले, आणि टेकूने मोकळी तार छेडली.

आई शेवटच्या दाराशी पोचली. हाक वर गेली आणि उभी राहिली. जाड तार बोटात इतकी रुतली की टेकूला क्षणभर दिसेनासं झालं, पण त्याने ती सोडली नाही. दादा जितका वेळ उभा होता तितका वेळ धरून ठेवली.

आता उठा, उशीर झालाय, घरी वाट बघत असतील. फक्त एवढं करा. झोपण्याआधी हात जोडाल तेव्हा तुमची माणसं आठवून झाली की त्या धाकट्यालाही आठवा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. बोटं दुखणारा तो, एवढं म्हटलं तरी तिथे पोचतं. आणि ती दुखतात हो, खरोखर दुखतात.